चिन्नोरला दिलेली गुटी

खुर्ची ओढायची, चपला काढून पाय वर घ्यायचे, मनगटावरचं घड्याळ सोडून मांडीवर ठेवायचं आणि कॉम्प्युटरला बोटही न लावता नुसतं बघत बसायचं. दहा मिनिटं, वीस मिनिटं, कधी अर्धा तास. कोणी विचारलंच, "भाऊ, काय करून राहिले?" तर मान न वळवता उत्तर यायचं, "काही नाही जी. पाहून राहिलो."

हे आमचे नेटवाले भाऊ. नाव त्यांना होतंच, पण ते बिलावर असायचं. गोरेगावातल्या आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात डॉक्टरांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे त्यांना नेटवाले भाऊ म्हणत आणि इंटरनेट बंद पडलं की त्यांच्याच नावाने बोटं मोडत. खरं म्हणजे इंटरनेटशी त्यांचा फारसा संबंध नव्हता. दवाखान्यातल्या दवाखान्यात जे आठ-नऊ कॉम्प्युटर तारेने एकमेकांना जोडलेले होते, केसपेपरची खिडकी, तपासणीची खोली, औषधाचं दुकान, मॅनेजरांची केबिन, त्यांचं आपसातलं बोलणं सुरळीत ठेवायचं, एवढंच त्यांचं काम. पण हा फरक आमच्याकडे कोण कोणाला समजावणार? तेही समजावत नसत. ऐकून घेत आणि खुर्ची ओढत.

मला ते आधी अजिबात आवडले नव्हते. मी घाईची बाई. गोंदियाच्या टायपिंग क्लासातून मराठी आणि इंग्रजी दोन्ही परीक्षा चांगल्या मार्कांनी पास झालेली आहे, हे मी कोणी न विचारता सांगते. लग्नानंतर सहा वर्षांनी मिळालेली ती माझी पहिली नोकरी, केसपेपरच्या खिडकीवरची, तीही वर्षाच्या करारावर. सासरी सगळ्यांनी हसून परवानगी दिली होती. किती दिवस टिकते पाहू, असं ते हसू होतं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मशीन अडखळायला लागली आणि माझ्या शेजारी हा उंच, वाळका, पन्नाशीचा माणूस येऊन मांडी घालून बसला. गळ्यात काळा दोरा आणि दोऱ्यात देवाच्या टाकाच्या जागी पेनड्राइव्ह. मला वाटलं, याला काही येत नाही, नुसता वेळ काढतो आहे.

पाऊण तासाने ते म्हणाले, "ताई, औषधवाल्याच्या इथं बिल निघालं का तुमची मशीन दम घेते. बाकी वेळी नाही घेत."

मी आठवडाभर तीच मशीन वापरत होते आणि मला हे दिसलं नव्हतं. औषधाच्या दुकानात जाऊन पाहिलं तर तिथल्या दुकानदाराने कुठूनसा 'कॉम्प्युटर फास्ट करून देणारा' प्रोग्राम आणून टाकला होता. त्याची मशीन फास्ट झाली होती की नाही देव जाणे, बाकीच्या सगळ्यांची वाट तेवढी अडली होती. भाऊंनी तो काढला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "फास्ट करून देतो म्हणणाऱ्याले पहिले पाहा." हे वाक्य ते पुढेही कितीतरी वेळा बोलले.

त्यांची आणखी एक रीत होती. मशीन दुरुस्त करताना ती वापरणाऱ्या माणसाला ते शेजारी बसवून घेत. चहाला जाऊ देत नसत. "मशीन तुमची आहे, इलाज तुम्हीच पाहा. मी काय रोज येऊन राहिलो?" त्यामुळे मला कळो न कळो, कितीतरी गोष्टी कानावरून गेल्या आणि त्यातल्या काही अडकून राहिल्या.

ते आमगावचे. मोटारसायकलवरून जिल्हाभर फिरायचे. कॉलेज, राईस मिल, नागझिऱ्याच्या बाजूचं पर्यटकांचं एक विश्रामगृह, सगळीकडे त्यांच्या हातच्या तारा. आमगावच्या एका वाचनालयाची गोष्ट ते चहाबरोबर रंगवून सांगत. तिथे रोज सकाळी अकरा ते बारा नेटवर्क मंद व्हायचं आणि बाराला आपोआप सुधारायचं. दोघं जण येऊन नव्या तारा टाकून गेले, फरक शून्य. भाऊ तीन सकाळी नुसते बसले. चौथ्या दिवशी ग्रंथपालबाईंना म्हणाले, "बाई, आज भजन लावू नका." बाई चिडल्या. पण त्या दिवशी अकरा वाजले, सव्वा अकरा झाले, नेटवर्क धावत होतं. त्या बाई रोज तासभर कॉम्प्युटरवर भजन लावायच्या, आणि त्या जातीच्या मशिनीत अशी सोय केलेली होती की गाणं वाजत असलं तर मशीन तारेवरून येणारा माल थोडा अडवून धरते, गाण्यात खंड पडू नये म्हणून. कोणीतरी चांगल्या हेतूनेच केलेली सोय. भाऊंनी आत जाऊन तो आकडा बदलला आणि बाईंना सांगितलं, "लावा आता. देवाचंही होऊ द्या, कामाचंही होऊ द्या." ही गोष्ट सांगताना ते मांडीवर थाप मारत.

आता गुटीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिथूनच झालं.

आमच्याकडे नवी मशीन आली की ती सुरू करण्याआधी भाऊ गळ्यातला दोरा काढत आणि पेनड्राइव्ह तिला लावत. दोन मिनिटांचं काम. त्यात त्यांनी स्वतः जुळवलेल्या बारीकसारीक नोंदी होत्या, मशिनीच्या स्वभावात आतून बदल करणाऱ्या. वर्षानुवर्षांच्या अनुभवातून जमवलेल्या. "जन्मल्यावर पोराले गुटी देतात ना, तशी. पुढं पोट दुखत नाही," असं ते म्हणायचे. मग मशिनीचं नाव ठेवायचे. तारेवर प्रत्येक मशिनीला नाव लागतंच. लोक एक-दोन-तीन देतात, भाऊ धानाच्या जातीची नावं देत. मॅनेजरांची मशीन दुबराज, तपासणीची लुचई, औषधवाल्याची काळी कमोद. माझी चिन्नोर. मला त्याचा अभिमान वाटायचा, उगीच खोटं कशाला बोलू.

मग दवाखान्यात नवं सॉफ्टवेअर आलं आणि त्याच्याबरोबर नागपूरच्या कंपनीने एक नवी मशीनही दिली. केसपेपरची दुसरी खिडकी उघडली, पुरुषांसाठी. तिथे शालू बसायला लागली, मी बायकांच्या खिडकीवर. नव्या मशिनीला बाहेरच्या माणसाने हात लावायचा नाही अशी कंपनीची अट होती, म्हणून भाऊंना तिला गुटी देता आली नाही. जाता-येता ते तिच्याकडे बघून तोंड वाकडं करत. "बिना गुटीचं लेकरू आहे. पाहजा, किरकिर करन."

किरकिर तिने केली नाही. किरकिर माझ्या चिन्नोरने केली.

धानाची रोवणी संपली की आमच्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते. महिनाभर चिखलात वाकलेल्या बाया, कोणाला ताप, कोणाची बोटं सडलेली, कोणाची कंबर धरलेली. रांग फाटकापर्यंत. मी नाव टाकायचे आणि पडद्यावर गोल चक्र फिरत राहायचं. गाव टाकायचे, पुन्हा चक्र. एका केसपेपरला अर्धं मिनिट जास्त जायचं, आणि शंभर बायांच्या रांगेत अर्ध्या मिनिटाचं काय होतं ते तुम्हीच पाहा. शेजारी शालूच्या खिडकीवरची रांग मात्र सरसर संपायची.

मॅनेजर साहेब गोंदियाचे, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारे. ते दोन्ही रांगांच्या मधे उभे राहिले आणि सगळ्या बायांच्या देखत म्हणाले, "वहां लाइन खतम, यहां जाम. मॅडम, हात चालवा जरा." मी म्हटलं, साहेब, मशीन अडते आहे. ते म्हणाले, "मशीन तो दोनों तरफ है."

आठ दिवसांनी मला कागद मिळाला. कामात दिरंगाई. महिनाअखेर करार वाढवायचा की नाही ते कामाचा वेग पाहून ठरेल. तो कागद मी घरी दाखवला नाही, पिशवीच्या तळाशी घातला. पण गोरेगाव केवढंसं. बाजारात एका ओळखीच्या बाईने विचारलं, "काऊन वो, तुमच्या खिडकीवर लई टाइम लागते म्हणतात?" मी दोन परीक्षा पास झालेली टायपिस्ट, आणि माझं नाव ढिल्या हाताची असं पडत होतं. नोकरी जाण्यापेक्षा मला ते जास्त लागलं.

मी भाऊंना फोन केला. ते शनिवारी दुपारी आले, ओपीडी सुटल्यावर. खुर्ची ओढली, घड्याळ मांडीवर ठेवलं. मला खोटी खोटी नावं टाकायला लावली. मी टाकत गेले, ते ओठांतल्या ओठांत मोजत गेले. मग शालूच्या मशिनीवर तेच. मग पुन्हा माझ्या. चौथ्या-पाचव्या वेळी त्यांचं मोजणं थांबलं. गळ्यातल्या दोऱ्याशी त्यांचा हात गेला आणि तिथेच राहिला.

"ताई, तुम्ही घरी जा."

"इलाज पाहू नको म्हणता?"

"जा तुम्ही," ते म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं. मला वाटलं, मोठाच बिघाड असेल.

सोमवारी चिन्नोर पाण्यासारखी चालली. नाव टाकलं की आत, गाव टाकलं की आत. साडेअकरापर्यंत माझी रांग शालूच्या रांगेच्या बरोबरीला आली. मॅनेजर साहेब पुन्हा मधे येऊन उभे राहिले आणि शालूला म्हणाले, पण मला ऐकू येईल असं, "देखा? एक कागज दिया और हात चलने लगे." शालू हसली. तिचा बिचारीचा दोष नाही, साहेब हसले की हसावं लागतं. मी मान खाली घालून टाइप करत राहिले. रडू आवरायला टाइप करणं बरं पडतं.

मंगळवारी भाऊ तपासणीच्या खोलीतला प्रिंटर बघायला आले तेव्हा मी त्यांना गाठलं. "भाऊ, शनिवारी काय केलं तुम्ही?"

"काही नाही. साफसफाई."

मग मी साहेब काय म्हणाले ते सांगितलं. आवाज चढला असेल माझा. भाऊंनी चहाचा कप हातात तसाच धरून ऐकून घेतलं, अर्धा चहा टाकून दिला आणि मोटारसायकलला किक मारून निघून गेले. मला त्यांचा राग आला. म्हटलं, ऐकून घेणाऱ्या माणसाकडून आपण काय अपेक्षा ठेवावी.

बुधवारी सकाळी दहाला ते आले. इस्त्रीचा शर्ट घालून. रांगेत ऐन गर्दी. मला म्हणाले, "ताई, उठा जरा." त्यांनी दोरा गळ्यातून काढला, पेनड्राइव्ह चिन्नोरला लावला, मशीन बंद करून पुन्हा चालू केली आणि केबिनमध्ये जाऊन मॅनेजर साहेबांनाच घेऊन आले.

"साहेब, बसा या खुर्चीवर. चार केसपेपर काढा."

"मैं?"

"तुम्हीच."

साहेबांना वाटलं काहीतरी तपासायचं असेल. बसले. समोर पाय सुजलेली एक म्हातारी होती. साहेबांनी दोन बोटांनी नाव टाकलं. चक्र. गाव टाकलं. चक्र. "ये क्या है?" "थांबा जी," भाऊ म्हणाले, "पाहून राहा." दुसरी बाई, तेच. तिसरीच्या वेळी मागून कोणीतरी म्हटलं, "काऊन जी साहेब, तुमाले येत नाही का?" रांगेत हशा झाला. साहेबांच्या कपाळावर घाम आला होता आणि मला, खरं सांगते, आतून फार बरं वाटत होतं.

तेव्हा भाऊ बोलले. एरवी हळू बोलणारा माणूस, पण फाटकापर्यंत ऐकू गेलं असेल. "साहेब, ताईचा हात ढिला नव्हता. मशीन ढिली होती. आन् मशीन कोणी ढिली केली, तं मी केली."

मग त्यांनी समजावलं. शनिवारी गुपचूप काढलेली गुटी त्यांनी आज साहेबांना दाखवायला पुन्हा दिली होती. तारेवरून एक मशीन दुसरीला पुडकं पाठवते आणि समोरची पोच देते. जुन्या काळी तार बारीक होती, गर्दी व्हायची. म्हणून भाऊंनी आपल्या गुटीत मशीनला शिकवून ठेवलं होतं, दर पुडक्यामागे पोच देऊ नको, चार जमली की एकदम दे. त्या वेळी त्याने खरंच फायदा झाला. पण नवं सॉफ्टवेअर एकेकच बारकं पुडकं पाठवतं आणि पोच आल्याशिवाय दुसरं पाठवत नाही. "हे म्हणते पोच दे मंग पाठवतो, चिन्नोर म्हणते आणखी तीन येऊ दे मंग देतो. पंगतीत दोन व्याही बसतात ना, हा म्हणते पहिले तुम्ही घ्या, तो म्हणते पहिले तुम्ही. तसं. वाट पाहून पाहून चिन्नोरच कंटाळते आन् पोच देते. एका केसपेपरले असं शंभर दा होते. तिकडच्या मशीनले माझी गुटी नाही, म्हणून ते धावून राहिली."

एवढं बोलून त्यांनी ती नोंद सगळ्यांसमोर काढून टाकली आणि मशीन पुन्हा चालू केली. चौथीचा केसपेपर साहेबांनी त्याच दोन बोटांनी काढला आणि तो झटक्यात निघाला. "ठीक है, ठीक है," साहेब म्हणाले आणि केबिनमध्ये गेले. दुसऱ्या दिवशी माझा कागद मागे घेतल्याचं पत्र आलं.

हे सगळं इथेच संपलं असतं तर किती छान झालं असतं.

वर्ष संपताना देखभालीचं काम नागपूरच्या कंपनीकडे गेलं. मॅनेजर साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, "जो आदमी खुद बोलता है की मशीन मैंने बिगाडी, उसको काम कैसे दें?" भाऊ ते खरंच म्हणाले होते, फाटकापर्यंत ऐकू जाईल असं. मी त्या मीटिंगमध्ये होते. माझा करार नुकताच वाढला होता. मी एक शब्द बोलले नाही. आजवर हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

पुढचे काही महिने ते जिल्हाभर फिरले असं मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. कॉलेजात गेले, राईस मिलमध्ये गेले, नागझिऱ्याच्या त्या विश्रामगृहात गेले. जिथे जिथे गुटी दिली होती तिथे तिथे जाऊन ती काढली आणि प्रत्येक ठिकाणी ही माझी चूक होती असं सांगितलं. दोन-तीन ठिकाणची कामं त्यामुळे आणखी गेली. राईस मिलवाला तर म्हणाला म्हणे, आमचं बरोबर चालू होतं, तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कळलंही नसतं.

शेवटची भेट आठवडी बाजारात. ते मिरच्या घेत होते. थोडे थकलेले दिसले. मी म्हटलं, "भाऊ, कायले सांगितलं जी तुम्ही? शनिवारी दुरुस्त तं केलंच होतं. चूप राहिले असते तं काम राहिलं असतं."

त्यांनी एक मिरची मोडून वास घेतला. "काम दुसरं भेटते, ताई. तुमचं नाव ढिल्या हाताची पडलं असतं, तं ते कोणती नोंद काढून काढलं असतं मी?" मग मिरचीवालीकडे वळून म्हणाले, "पावभर दे वो."

मला मीटिंगचं सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण मिरचीवाली तोलत होती, मागे लोक उभे होते, आणि मी नुसतं "येते भाऊ" म्हणून निघाले. बाजारात काय बोलायचं, कधीतरी निवांत सांगू, असं मनाशी ठरवलं.

नागपूरच्या कंपनीचं माणूस आता येत नाही. फोन केला की तिकडूनच कोणीतरी आमच्या मशिनीत शिरतं, पडद्यावरचा बाण आपोआप फिरतो, आणि "हो गया मॅडम" असं म्हणून फोन कटतो. काय झालं होतं ते विचारायला सवड मिळत नाही. काम चोख आहे, तक्रार करायला जागा नाही.

गेल्या रोवणीनंतरची गोष्ट. गर्दीचे दिवस. आमगावहून आलेल्या एका बाईचा केसपेपर काढताना मी सहज म्हटलं, तुमच्या गावचे आमचे एक भाऊ होते, तारांचं काम करणारे. ती म्हणाली, "ते तं वारले जी. महिना होते आता. झोपेतच गेले." मी तिचा कागद तिच्या हातात दिला. पुढची बाई खिडकीशी आली. तिने नाव सांगितलं, मी ऐकलं, आणि टाकता येईना. तिने पुन्हा सांगितलं. बोटं की-बोर्डवर होती. रांग थांबली. मागून कुजबुज सुरू झाली, शालू पलीकडून बघायला लागली.

"काऊन वो बाई," समोरची म्हणाली, "मशीन चालून नाही राहिली का?"

"मशीन बरोबर आहे, मावशी," मी म्हटलं, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं. "आज माझाच हात चालून नाही राहिला."